पाद्रोआदो : कृपा कीं करार ?

युरोपांतील राजे व रोमचे पोप यांच्यामध्यें धर्माधिकाराच्या वांटणीविषयीं जे करारमदार झाले, त्यांपैकीं पोर्तुगालच्या राजांस मिळालेल्या ‘पाद्रोआदो’ नामक हक्काचे परिणाम आपल्या कोंकणांत चारशें वर्षांहून अधिक काळ टिकले. पाद्रोआदो म्हणजे आश्रयदातृत्व. राजानें समुद्रापलीकडील मुलुखांत चर्चें बांधावीं, धर्मोपदेशक पाठवावे व त्यांचा योगक्षेम चालवावा. त्याबद्दल तेथील बिशपाच्या जागीं कोणास नेमावें हें त्यानें पोपास सुचवावें, असें त्याचें स्वरूप होय. हा हक्क एका कागदानें उत्पन्न झाला नाहीं. पांचव्या निकोलसाचें १४५५ चें व दहाव्या लिओचीं १५१४ चीं आज्ञापत्रें अशा मालिकेनें तो सिद्ध झाला. तिसऱ्या पॉलनें १५३४ त गोव्याचा धर्मप्रांत स्थापिला, तेव्हांही तो मान्य केला.

वादाचें मूळ या हक्काच्या स्वरूपांतच आहे. रोमचें म्हणणें, ही पोपची कृपा. सेवा खुंटली म्हणजे दान दात्याकडे परत जावें. लिस्बनचें म्हणणें, हें आपल्याकडील चाकरीच्या वतनासारखें आहे. द्रव्य व माणसें खर्चून मिळविलेलें तें एकतर्फी काढून घेतां येणार नाहीं.

रोमनें आपलें म्हणणें प्रथम कृतीनें मांडिलें. पंधराव्या ग्रेगरीनें १६२२ त प्रोपागांदा मंडळ स्थापून धर्मप्रसाराचें काम आपल्या हातीं घेतलें. १६३७ त दिवाडी बेटावरील ब्राह्मणकुळांतील मातेउस दे कास्त्रो यास बिशप करून आदिलशाही मुलुखासाठीं पोपचा प्रतिनिधि नेमिलें. गोव्याच्या पोर्तुगीझ अधिकाऱ्यांनीं त्यास विरोध केला. १७२० त मुंबईच्या इंग्रजांनीं पोर्तुगीझ फ्रान्सिस्कन पाद्री घालवून तेथील चर्चें पोपच्या कार्मेलाइट प्रतिनिधीकडे सोंपविलीं. याउलट चिमाजी आप्पांनीं १७३९ त वसई घेतल्यावरही त्या प्रांतांतील चर्चांवर गोव्याच्या आर्चबिशपाचाच अधिकार राहिला. भूमि मराठ्यांची, धर्माधिकार गोव्याचा व आर्चबिशपाच्या निवडीचा हक्क लिस्बनच्या राजाचा, असा हा योग होता.

१८३४ त पोर्तुगालनें धर्मसंघ बंद केले, तेव्हां मूळ चाकरीच मोडली. सोळाव्या ग्रेगरीनें २४ एप्रिल १८३८ च्या आज्ञापत्रानें कोचीन, क्रांगानोर व मैलापूर येथील पाद्रोआदोचा अधिकार स्थगित केला. परंतु २१ फेब्रुवारी १८५७ व २३ जून १८८६ रोजीं रोमनें पोर्तुगालशीं तह केले. येथें कागदाची जातच बदलली. पूर्वीचीं आज्ञापत्रें एका मुद्रेचीं. हे तह उभयपक्षांच्या सह्यांचे. म्हणजे लिस्बनचें म्हणणें रोमनें व्यवहारांत पत्करलें; मात्र हक्क मान्य होतां होतां संकोचत गेला. १८८६ नंतर मुंबईच्या बिशपासाठीं प्रांतांतील बिशपांनीं तीन नांवें धाडावीं व राजानें त्यांतून एक सुचवावें, एवढेंच उरलें. १९१० त पोर्तुगालांत राजाच उरला नाहीं. तरी १५ एप्रिल १९२८ चा करार प्रजासत्ताकाशीं झाला, व मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीझ व ब्रिटिश असावा असें ठरलें. अखेर १८ जुलै १९५० रोजीं पोर्तुगालनें आपल्या अंमलाबाहेरील भारतीय धर्मप्रांतांतला हा हक्क सोडला. हक्क संपला तोही आज्ञेनें नव्हे, करारानेंच.

संग्राहकांस याचा उपयोग असा. १९२८ पूर्वीं मुंबईच्या एकाच बेटावर गोवा व रोम या दोन पक्षांचीं चर्चें शेजारीं शेजारीं नांदत होतीं. १८८६ नंतर गोव्याच्या पक्षाचीं दमणच्या बिशपाकडे गेलीं. तेव्हां त्या काळचा बाप्तिस्म्याचा दाखला वा चर्चच्या जमिनीचा कागद हातीं आल्यास केवळ गांवाच्या नांवावरून त्याचा धनी ठरवूं नये. आधीं साल पाहावें, मग सही कोणत्या बिशपाची तें पाहावें. नाहींतर एका पक्षाचें दफ्तर दुसऱ्याच्या नांवें नोंदलें जाईल.