नियम कुणी कुणाला लावायचा? स्काऊटची प्रतिज्ञा, कोल्हापूरची वसतिगृहं आणि चौथा नियम

आजचा विषय वरवर पाहिला तर शाळकरी मुलांचा वाटेल. स्काऊट म्हटलं की आपल्याला गळ्यातला स्कार्फ, दोरीच्या गाठी, शिट्टी आणि मैदानावरचा तंबू आठवतो. प्रतिज्ञा आणि नियम पाठ केलेले असतात, ते मोठेपणी विसरले जातात. पण याच प्रतिज्ञेवरून आणि नियमांवरून या देशात तीस-पस्तीस वर्षं वाद चालला होता. संघटना फुटल्या, नव्या निघाल्या, पुन्हा एक झाल्या. तो वाद नेमका कशाचा होता आणि कोल्हापुरात बसून तो समजून का घ्यायचा, हे आज आपण पाहू.

सुरुवात १९०७ पासून करू. बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सेनाधिकारी. आफ्रिकेतल्या माफेकिंगच्या वेढ्यामुळे इंग्लंडमध्ये त्यांचं नाव झालेलं होतं. १९०७ च्या उन्हाळ्यात त्यांनी ब्राउनसी नावाच्या बेटावर साधारण वीस मुलांचं शिबिर घेतलं. त्यात काही मुलं श्रीमंतांच्या निवासी शाळांमधली होती आणि काही कामगार वस्तीतली. इंग्लंडमध्ये त्या काळी ही दोन प्रकारची मुलं एका तंबूत झोपणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचं 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक आलं आणि त्यात स्काऊटचे नियम आले. आधी नऊ होते, काही वर्षांत दहावा जोडला गेला.

या नियमांची भाषा जरा नीट बघा. आपल्याला नियम म्हटलं की 'हे करू नये', 'तिथे जाऊ नये' अशी पाटी डोळ्यासमोर येते. इथे तसं नाही. स्काऊट विश्वासू असतो, स्काऊट सर्वांचा मित्र असतो, स्काऊट प्राण्यांचा मित्र असतो, अशी ही वाक्यं आहेत. मुलाला हुकूम दिलेला नाही. तो कसा असतो हे सांगितलंय. म्हणजे हे शीलाचे नियम झाले. पण त्याच यादीत हुकमाचे नियमही होते. दुसऱ्या नियमात राजाशी आणि त्याच्या अधिकाऱ्यांशी निष्ठा होती, मालकाशीसुद्धा होती. सातव्यात वरिष्ठांची आज्ञा निमूट पाळायची होती. शील आणि हुकूम, दोन्ही एकाच यादीत. पुढचे बहुतेक वाद इथूनच निघाले.

आता चौथा नियम. स्काऊट सर्वांचा मित्र आणि दुसऱ्या प्रत्येक स्काऊटचा भाऊ असतो, मग तो दुसरा कोणत्याही सामाजिक वर्गातला असो, असा त्याचा मूळ आशय. हा नियम इंग्लंडमधला वर्गभेद डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला होता. तो हिंदुस्थानात आला तेव्हा काय झालं? १९०९ मध्ये बंगळुरात इथलं पहिलं स्काऊट पथक निघालं. ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांचं होतं. हिंदी मुलांना त्यात प्रवेश नव्हता. हिंदी पोरांना पथकात बांधून कवायत आणि टेहळणी शिकवली तर ती उद्या कुणावर टेहळणी करतील, ही सरकारला धास्ती. म्हणजे पहिला नियम विश्वासाचा आणि चौथा भावाचा, आणि दोन्ही नियम लिहिणाऱ्यांकडूनच मोडले गेले.

मग इथल्या लोकांनी काय केलं? नियम फेकून दिले नाहीत. ते उचलले आणि आपल्या मुलांना दिले. मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूरकडे, व्हिव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी काम सुरू केलं. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१६-१७ च्या सुमारास मद्रासेत ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांची स्वतंत्र स्काऊट संघटना काढली. त्या मुलांच्या डोक्यावर टोपीऐवजी फेटा आला. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल इथे आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना अधिकृत संघटनेत सामील झाली. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. अडचण होती प्रतिज्ञेतल्या एका शब्दाची. ईश्वर, राजा आणि देश या तिघांविषयी कर्तव्य करायचं होतं. ईश्वर चालेल, देश तर हवाच. पण राजा?

कोल्हापूरसारख्या संस्थानात तर हा प्रश्न आणखी गुंत्याचा. राजा म्हणजे कोण? लंडनचा बादशहा, की नव्या राजवाड्यातले छत्रपती? आणि देश म्हणजे करवीर संस्थान, की हिंदुस्थान? इथल्या लोकांनी या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर दिलं. १९३९ मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेने जबाबदार राज्यपद्धती मागितली. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा या शहराच्या मध्यावर उभा होता. १९४२ च्या चळवळीत तो विद्रूप केला गेला आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा आला. आज आपण त्या जागेला शिवाजी चौक म्हणतो. दुसऱ्या नियमातला राजा इतक्या लवकर कालबाह्य होईल, असं १९०८ मध्ये कुणाला वाटलं नसेल.

पण सगळ्यात झोंबणारा वाद 'राजा' या शब्दाचा नव्हता. तो होता 'ऑनर' या शब्दाचा. स्काऊट आपल्या 'ऑनर'वर प्रतिज्ञा घेतो. १९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय जांबोरी भरली, तिला स्वतः बेडन-पॉवेल आले होते. त्यानंतर त्यांच्या नावावर जो मजकूर छापून आला त्याचा आशय असा, की हिंदी मुलांत शीलाचा अभाव आहे आणि त्यांच्या भाषेत 'ऑनर'ला शब्दच नाही. देशभर संताप झाला, राजीनामे पडले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली.

शब्द नाही म्हणे! आपल्या मराठीतच मोजा. अब्रू आहे, इमान आहे, ब्रीद आहे, वचन आहे, शील आहे. आणि सगळ्यात साधा म्हणजे नुसता 'शब्द'. 'मी शब्द दिलाय' एवढं म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. शब्दांचा तुटवडा नव्हता. मात्र कोणता शब्द निवडायचा, हा खरा प्रश्न आहे आणि तो आपला आपल्यालाच आहे. अब्रू हा फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ तोंडावरचं पाणी. अब्रू चार लोकांत असते आणि चार लोकांत जाते. ती घराण्याची असते, जातीची असते. बाईच्या वागण्यावर ती टांगलेली असते. शील तसं नाही. आजूबाजूला कुणी नसतानाही ते असतं किंवा नसतं. हिंदी प्रतिज्ञेत 'मर्यादापूर्वक' असा शब्द घेतलाय. त्यात आपली हद्द ओळखून वागण्याचा अर्थ येतो. अब्रूवर घेतलेली प्रतिज्ञा आणि शीलावर घेतलेली प्रतिज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मुलगा लोक बघतात म्हणून नियम पाळेल, दुसरा कुणी बघत नसतानाही.

हा फरक कोल्हापूरने फार जवळून पाहिलाय. त्यासाठी पुन्हा १९०८ मध्ये यावं लागेल. ज्या वर्षी इंग्लंडमध्ये ते पुस्तक निघालं, त्याच वर्षी इथे शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. शिकणाऱ्या पोराला शहरात छप्पर आणि जेवण मिळालं, ही फार मोठी गोष्ट. पण प्रत्येकाची चूल वेगळी होती, हेही खरं.

त्या वेळी जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, अंघोळ करून मगच आत ये. त्याने नकार दिला. वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं, तरी अंघोळ केली नाही. आता विचार करा. वसतिगृहाच्या दृष्टीने त्याने शिस्त मोडली. हुकमाचा नियम मोडला. पण ज्याला आपण स्काऊटचा चौथा नियम म्हणतो, तो त्याने पुस्तक न वाचता पाळला. त्याला तो महागही पडला.

शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे हुकूमही शीलाच्या बाजूने उभा राहू शकतो. आणि भाऊरावांनी त्याच वर्षी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. तिथे चूल एकच होती. मुलं स्वतः कामं करत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ज्या मुलाला वसतिगृहातून बाहेर जावं लागलं, त्यानेच पुढे सगळ्यांना आत घेणारं वसतिगृह बांधलं.

आता स्काऊटकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद आणि इतरांच्या प्रयत्नांनी या फुटलेल्या संघटना एक झाल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स अस्तित्वात आली, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची गाईड संघटना तिला मिळाली. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे या एकत्र झालेल्या संघटनेचे राष्ट्रीय आयुक्त राहिले. प्रतिज्ञेतला राजा गेला. ईश्वर हा शब्द राहिला, पण हवं असेल तर त्याच्या जागी 'धर्म' म्हणण्याची मुभा ठेवली गेली. नियम आज नऊ आहेत. निमूट आज्ञा पाळण्याच्या जागी शिस्त आली आणि तिच्या जोडीला सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आलं. म्हणजे निष्ठा व्यक्तीकडून सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूंकडे वळली. भावाचा नियम मात्र राहिला, फक्त आजच्या यादीत तो तिसरा आहे.

हा वाद फक्त आपल्याकडे झाला असं नाही. २०१३ मध्ये ब्रिटनच्या गाईड संघटनेने प्रतिज्ञेतला ईश्वराचा उल्लेख काढला आणि तिथल्या स्काऊट संघटनेने नास्तिक मुलांसाठी पर्यायी प्रतिज्ञा ठेवली. अमेरिकेत समलिंगी व्यक्तीला स्काऊटचा पदाधिकारी राहता येईल का, हा प्रश्न २००० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल संघटनेच्या बाजूने, म्हणजे त्याला वगळण्याच्या बाजूने लागला. पण नंतर २०१३ मध्ये मुलांसाठी आणि २०१५ मध्ये मोठ्यांसाठी संघटनेने स्वतःच ते धोरण बदललं. न्यायालयात जिंकूनही नियम बदलावा लागला, कारण चौथा नियम संघटनेच्याच पुस्तकात होता आणि तो वाचणारी मुलं संघटनेतच होती.

इथे आमचं म्हणणं स्पष्ट करतो. या सगळ्या इतिहासात नियमांची किंमत ठरली ती ते नियम कुणी लिहिले यावरून नाही. ती ठरली, ते नियम लिहिणाऱ्यालाच लावून पाहण्याची ताकद खालच्या माणसात होती का, यावरून. हिंदी मुलांना बाहेर ठेवणाऱ्यांना इथल्या लोकांनी विचारलं, तुमचा चौथा नियम कुठे गेला? भाऊरावांनी न बोलता तेच विचारलं. मूल्यशिक्षणाची खरी अडचण इथेच आहे. मुलाला नियम शिकवायला मोठी माणसं तयार असतात. त्या मुलाने तोच नियम आपल्याला लावला की मात्र तो उद्धट ठरतो.

आज स्काऊटमध्ये प्रवेश, मग सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती शिडी आहे. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईडसाठी कोटा आहे. गरीब घरातल्या मुलाला त्याचा उपयोग होतो, त्यात वावगं काहीच नाही. पण प्रमाणपत्र मिळतं ते गाठी आणि प्रथमोपचार येतो म्हणून. शिबिरात कुणाच्या हातचं पाणी कुणी नाकारलं का, कुणाचा डबा बाजूला ठेवला गेला का, हे कोणत्या चाचणीत तपासणार? तिथे स्काऊटमास्तरांची नजरच लागते, आणि मुलाने तक्रार केली तर ती ऐकून घेण्याची तयारी.

म्हणून आमची एक छोटी सूचना. कोल्हापुरातल्या शाळांमध्ये भावाचा नियम शिकवताना ब्राउनसी बेटाची गोष्ट जरूर सांगा. तिच्या शेजारी भाऊरावांच्या न केलेल्या अंघोळीची गोष्टही सांगा. आणि मग मुलांना विचारा, आपल्या शाळेत, आपल्या गल्लीत हा नियम कुठे मोडतोय? उत्तरं येतील, काही आपल्याला टोचतीलही. ती ऐकून घ्यायची. आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.