एका जागीं अनेक बिंदु

नकाशा काढणाऱ्यापुढें एक अडचण फार जुनी आहे. एकाच घरांत चार माणसें दगावलीं, तर त्यांचे चार ठिपके काढावयाचे कोठें? एकावर एक काढावे, तर चारांचा एकच दिसतो. बाजूस सारावे, तर ते शेजाऱ्याच्या घरांत जाऊन बसतात. कागदावरील ही अडचण आज संगणकाच्या पडद्यावरही कायम आहे. तिचा एक सुंदर उलगडा लंडन शहरांत, महामारीच्या निमित्तानें, सन १८५४ मध्यें झाला.

त्या वर्षीं ३१ ऑगस्टच्या रात्रीं सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा भडका उडाला आणि दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें बळी पडलीं. दूषित हवेनें हा रोग पसरतो, असें त्या काळच्या बहुतेक वैद्यांचें मत होतें. डॉ. जॉन स्नो यांस तें मान्य नव्हतें. रोगाचें विष पाण्यावाटे पोटांत जातें, असें त्यांनीं १८४९ सालींच प्रसिद्ध केलें होतें. त्यांनीं मृत्यूंच्या नोंदी मिळवून घरोघर चौकशी केली, तेव्हां बहुतेक घरें ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाचें पाणी भरणारीं निघालीं. ७ सप्टेंबर रोजीं त्यांनीं हें तेथील स्थानिक मंडळास सांगितलें आणि दुसऱ्या दिवशीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. साथ तोंपर्यंत ओसरूं लागली होती, हें स्नो यांनीं प्रांजळपणें लिहून ठेवलें आहे.

प्रसिद्ध नकाशा यानंतरचा. तो १८५५ सालीं त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत छापला गेला. त्यांत प्रत्येक मृत्यूसाठीं त्या त्या घराच्या जागीं एक आंखूड काळी रेघ आहे. एका घरीं अनेक मृत्यु असतील, तेथें रेघा परस्परांवर न गिरवतां रस्त्याच्या कडेपासून आंतल्या बाजूस विटांच्या थरांप्रमाणें रचल्या आहेत. त्यामुळें घराचें ठिकाण सुटत नाहीं आणि माणसांची गणतीही झांकली जात नाहीं. पंपाभोंवतीं हे थर उंच होत जातात, हें पाहणाऱ्यास न सांगतां कळतें. जेथें रेघा विरळ, तेथेंही कारण सांपडलें. जवळच्याच पोलंड स्ट्रीटवरील गरीबगृहांत (वर्कहाउसमध्यें) ५३५ माणसें असून पटकीनें केवळ ५ मेलीं, कारण तेथें स्वतंत्र विहीर होती.

सन १९९२ मध्यें रस्टी डॉडसन व वाल्डो टोब्लर यांनीं हा नकाशा संगणकांत उतरविला. त्यांत ५७८ मृत्यूंच्या जागा आहेत. आजच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्यें घराच्या पत्त्यावरून बिंदु बसविले, म्हणजे एका घरचे सर्व बिंदु तंतोतंत एकमेकांखालीं दडतात. दुरुस्तीसाठीं वरच्या बिंदूस हात घालावा, तर त्याखालीं आणखी किती आहेत याचा पत्ताही लागत नाहीं. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक, त्या जागीं एकच बिंदु ठेवून तक्त्यांत संख्येचा रकाना करणें. दुसरा, मूळ जागा न बदलतां केवळ दाखवितांना ते बिंदु वर्तुळाकार मांडणें. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्यें ही सोय आहे. हा दुसरा उपाय म्हणजे स्नो यांच्या थरांचाच वंशज.

धोका आहे तो तिसऱ्या मार्गांत. त्याच सॉफ्टवेअरमध्यें एका जागेवरचे जास्तीचे बिंदु काढून टाकण्याचें एक साधन आहे. तें जागा तेवढी पाहतें. तक्त्यांतील नोंद पाहत नाहीं. एकच नोंद चुकून दोनदां शिरली असेल, तर तें उपकारकच. परंतु पत्त्यांवर बसविलेल्या या मृत्यूंवर तें चालविलें, तर चौघे गमावलेलें कुटुंब आणि एक गमावलेलें कुटुंब सारखेंच दिसेल आणि पंपाभोंवतींचे उंच थर जमीनदोस्त होतील. नकाशा नीटनेटका दिसेल. मात्र ज्यासाठीं तो काढला, तेंच त्यांत उरणार नाहीं.

म्हणून एकावर एक आलेल्या बिंदूंतील कोणताही पुसण्यापूर्वीं तक्ता उघडावा आणि पाहावें: ही एकाच माणसाची दुहेरी नोंद आहे, कीं एका छपराखालचीं दोन माणसें आहेत? स्नो यांच्या नकाशांतील प्रत्येक रेघ ही कोणीतरी व्यक्ति होती. तिला जागा देण्यासाठीं त्यांनीं थर रचला, आणि त्या थरांनींच पंपाकडे बोट दाखविलें.