उघड्या टपाची जुनी मोटार : आधी कागद, मग सांगाडा, शेवटी इंजिन

बेसा (नागपूर) : मनीषनगरच्या पलीकडे, शहराच्या दक्षिणेला वाढलेल्या बेसा परिसरात घराजवळ गाडी उभी करण्यापुरती जागा अजून मिळते. वर्धा मार्ग आणि रिंगरोडही जवळ आहेत. अशा वसाहतीतील हौशी माणसाला दोन आसनी, टप उघडणारी जुनी स्पोर्ट्स कार खुणावू लागली, तर नवल नाही. मात्र ही खरेदी नेहमीच्या जुन्या मोटारीसारखी नसते. साध्या गाडीत ग्राहक आधी इंजिनाचा आवाज ऐकतो. येथे तो क्रम उलटा हवा. इंजिन दुरुस्त करता येते. पण सदोष कागदपत्रे आणि कापून बिघडवलेला सांगाडा पैसे ओतूनही सरळ होतीलच, असे नाही.

बाजारात काय मिळते?

भारतात अशा गाड्या मुळातच थोड्या. ढोबळमानाने त्यांचे तीन गट पडतात. पहिला गट ब्रिटिश गाड्यांचा. एमजी कंपनीची टीसी (१९४५-४९), टीडी (१९५०-५३), टीएफ (१९५३-५५) आणि नंतरची एमजीबी (१९६२-८०) ही त्यातील प्रसिद्ध नावे. दुसरा गट म्हणजे शेजारच्या गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म'. सॅन मोटर्सची ही छोटी दोन आसनी गाडी १९९८ मध्ये पुढे आली. तिचे कवच फायबरचे असून त्यात रेनोचे ११४९ सीसीचे पेट्रोल इंजिन आहे. तिसरा गट मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड-४ अशा जर्मन गाड्यांचा. नव्या असताना त्यांच्या किमती डोळे पांढरे करणाऱ्या होत्या. आता त्या उतरल्या असल्या, तरी दुरुस्तीचा खर्च उतरलेला नाही.

कागदांची पारख

आरसी बुकावरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. गाडी विदेशातून आलेली असेल, तर सीमाशुल्क भरल्याचा पुरावा मागावा. वापरलेली मोटार आयात करताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यामुळे 'नुकतीच बाहेरून आणली' असे सांगत कोणी वीस वर्षांची गाडी दाखवू लागल्यास सावध व्हावे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' राबवून भूतानमार्गे आणल्याचा संशय असलेल्या गाड्या ताब्यात घेतल्या होत्या. अशा प्रकरणात पैसे मोजून बसलेल्या शेवटच्या खरेदीदाराचीही गाडी जाते.

परराज्यातील गाडीसाठी तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते. महाराष्ट्रात ती बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची, तर येथे नवी नोंदणी करावी लागते. मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३० हे अर्ज व्यवहाराच्या दिवशीच सह्या करून घ्यावेत.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील गाड्यांचे हे शुल्क वाढवले. साध्या मोटारीला ते १० हजार, तर आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीसाठी जुलै २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' नोंदणीची सोय आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते. अशा गाडीला 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी रामटेकला फेरी मारण्याचे मनात असेल, तर हे आधीच ध्यानात घ्यावे.

टप कापलेला की मुळातला?

या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका म्हणजे गॅरेजमध्ये छत कापून 'कन्व्हर्टिबल' केलेली सेडान. अनेक गाड्यांत वेगळी चेसिस नसते. छत, खांब आणि तळ मिळूनच सांगाडा बनतो. छत गेले की मधला भाग खचू लागतो आणि अपघातात आतल्यांना आधार उरत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले.

पारख सोपी आहे. सपाट जागी एका बाजूला जॅक लावून चाक उचलावे आणि दार उघडझाप करून पाहावे. दार अडकले किंवा फट कमीजास्त झाली, तर सांगाडा कमकुवत आहे असे समजावे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवल्यास पुट्टीने बुजवलेल्या जागा कळतात. सॅन स्टॉर्मच्या फायबरवर चुंबकाचा उपयोग नाही. तेथे बिजागऱ्यांभोवतीच्या बारीक चिरा शोधाव्यात. जुन्या एमजी टी-मालिकेत पत्र्याखाली लाकडी चौकट असते. तिला वाळवी लागली नाही ना, हे पाहणे आलेच.

विदर्भाचे ऊन आणि पाऊस

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कापडी टप कडक होतो, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडते, दाराचे रबर तडकते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंपापाशीच उकळून गाडी भर रस्त्यात बंद पडू शकते. त्यामुळे रेडिएटर साफ ठेवावा आणि इंधनाची नळी सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर असावी.

देशात बहुतेक ठिकाणी आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते, तसेच ओलावा शोषून टाकीत गंज आणते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नये.

पावसाळ्यात टपाचे पाणी वाहून नेणारी छिद्रे पानांनी तुंबली, की ते आसनाखाली साचते आणि तळ आतून सडतो. खरेदीच्या वेळी गालिचा उचलून पाहावा. ओला टप कधीही घडी घालून ठेवू नये.

सुटे भाग आणि विमा

एमजीबी जुनी असूनही तुलनेने सोयीची, कारण तिचे बहुतेक भाग ब्रिटनमध्ये आजही बनतात. १९८८ पासून तर पूर्ण बॉडीही नव्याने मिळू लागली. सॅन स्टॉर्मचे इंजिन रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगोतही वापरले गेल्याने त्याचे भाग परदेशातून मागवता येतात. तिची पुढची काच वा बंपर मात्र सहज हाती लागत नाही. एसएलके किंवा झेड-४ चा घडीचा धातूचा टप मोटर आणि हायड्रॉलिकवर चालतो. तो विक्रेत्यासमोर तीन-चार वेळा पूर्ण उघडून मिटवून पाहावा.

तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहेच. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायचे असते. छायाचित्रे व दुरुस्तीची बिले जपून ठेवल्यास हे मूल्य वाजवी ठरते.

खरेदीची रक्कम हा खर्चाचा पहिला हप्ताच असतो. पहिल्या वर्षी टायर, ब्रेक, रबर आणि वायरिंग यांसाठी वेगळी तजवीज ठेवावी. एवढे करून निवडलेली गाडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या नागपुरी थंडीत टप उघडून चालवावी. त्या चार महिन्यांत तिचे मोल पुरेपूर वसूल होते.