कागद कोणाचा?

सांगलीच्या शाळेत आम्हांला जगाचा इतिहास शिकवणारे गुरुजी जर्मन पंडित रांके याचे नाव मोठ्या आदराने घेत. मूळ कागदपत्रे पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, हा त्याचा दंडक. त्याचा पहिला ग्रंथ १८२४ मध्ये निघाला. आणि दोनच वर्षांनी, १८२६ मध्ये, ग्रँट डफसाहेबाने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला.

हा डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याने कागद पाहिले नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. बखरी, सनदा, पत्रे त्याने कसोशीने मिळवली. तरी मराठ्यांच्या उदयाला उपमा दिली ती सह्याद्रीतल्या वणव्याची! वणव्यामागे कोणाचा विचार नसतो. जिंकणाऱ्याला ते तसे दिसले.

पुढे मिरजेस संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले रुमाल सोडले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापण्यास आरंभ केला. वणव्याच्या जागी मसलती करणारी, पैशाच्या ओढीने गांजलेली जिवंत माणसे दिसू लागली. पण शास्त्रीबोवांचे कागदही सरदारांचेच. घोड्याला चंदी घालणारा त्यांत कितीसा बोलतो?

हा प्रश्न मला सुचला तो मात्र घरात. आमची आजी वाळवे तालुक्यातली. तो तालुका तेव्हा साताऱ्यात होता, आता सांगली जिल्ह्यात आहे. १९४३ च्या सुमारास प्रतिसरकारची माणसे रात्री तिच्या दारी येत. सरकारी कागदांत ते फरारी गुन्हेगार. आजीच्या तोंडी ‘आपली पोरं’. ती भाकरी बांधून देई. किती रात्री, कोणाकोणाला, पीठ कोठून आणी, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी! दर दिवाळीला तिच्या शेजारी बसून करंज्या खाल्ल्या. वही घेऊन कधी बसलो नाही. उद्या विचारू, म्हणता म्हणता ती गेली. तिची साले चुकली असती, नावांची सरमिसळ झाली असती. तीही डफइतकीच तपासून घ्यावी लागली असती. पण तपासायला काही उरले तर पाहिजे!

यंदा फराळाला तुमचे घर भरेल, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या वडीलधाऱ्यांना एखादा प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. खाली तारीख घालायला तेवढे विसरू नका.