चॅनेल पट्टी

चॅनेल पट्टी : ध्वनिमुद्रणगृहातील मिश्रकावर एका मायक्रोफोनकडून आलेल्या विद्युत् संकेतावर क्रमाने संस्कार करणाऱ्या मंडलांचा, सामान्यतः उभ्या व अरुंद पट्टीच्या रूपात बसविलेला संच. मिश्रकाला जितके मायक्रोफोन जोडावयाचे तितक्या अशा पट्ट्या शेजारी शेजारी असतात. सर्वांचे संकेत एकत्र करून ध्वनिमुद्रकाकडे पाठविणे हे मिश्रकाचे कार्य होय. संकेताचे अंकांत रूपांतर न करता विद्युत् दाबाच्या चढउतारांवरच हे संस्कार होत असल्याने ही मंडले सदृश प्रकारची आहेत. मोठ्या यंत्रातील केवळ एक पुनरावृत्त होणारा भाग म्हणून ही पट्टी जन्मास आली. १९८० नंतर ती स्वतंत्र उपकरण ठरली, आणि ज्या मिश्रकांची ती अंगे होती त्यांपैकी कित्येक मोडीत निघाले तरी ती टिकून राहिली.

रचना व कार्य : मायक्रोफोनकडून मिळणारा विद्युत् दाब सर्वसाधारणपणे एक सहस्रांश व्होल्टच्या आसपास असतो. पुढील उपकरणांना तो सु. १·२३ व्होल्ट इतका लागतो. म्हणजे दाब सु. हजारपट, म्हणजेच ६० डेसिबेलने, वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखर किंवा विजेच्या तारांची गुणगुण वाढू द्यावयाची नसते. यासाठी जुन्या पट्ट्यांत प्रथम एक रोहित्र असे. मायक्रोफोनच्या दोन तारांतून संकेत परस्परविरुद्ध दिशांनी येतो, पण बाहेरून शिरलेला उपद्रव दोन्ही तारांत सारखाच असतो. रोहित्रात हा सारखा भाग नाहीसा होतो. त्यानंतर विवर्धक, पावलांचे धक्के वा वाऱ्याची घरघर अडविणारा गाळक, निवडक कंप्रता उठावदार किंवा फिक्या करणारा समकारक, आवाज ठराविक पातळीच्या वर गेल्यास आपोआप दाबणारा संपीडक आणि शेवटी पातळी हाताने कमीजास्त करण्याचा सरकता नियंत्रक (फेडर) अशी साखळी असते. हा क्रम निरर्थक नाही. समकारक संपीडकाच्या आधी असेल, तर वाढविलेले खर्जाचे स्वर संपीडकाला सतत चाळवतात व त्यासरशी संपूर्ण आवाज खाली ओढला जातो. क्रम उलटा असेल, तर असे होत नाही. धारित्र मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठाही पट्टीकडूनच होतो. हा आकडा १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नॉयमान कंपनीने तयार केलेल्या मायक्रोफोनमुळे रूढ झाला. तेथे आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा अगोदरच होता, एवढेच त्याचे कारण; जगभर पाळले जाणारे मानक अशा किरकोळ सोयीतून ठरले.

पूर्वेतिहास : आरंभीच्या नभोवाणी केंद्रांत व ध्वनिमुद्रणगृहांत विवर्धक वेगळ्या मांडणीवर असत आणि तंत्रज्ञापुढील मेजावर पातळी बदलणारी गोल बटणे तेवढी असत. स्वर-संस्काराची साधनेही सुटी असत. अमेरिकेतील पल्टेक समकारक (१९५१) त्यांतील विशेष नावाजलेला. जर्मन नभोवाणीने निर्वात नलिकांचे विवर्धक पेटीसारख्या सुट्या घटकांत बांधण्याची पद्धत पाडली होती. बिघडलेला घटक उपसून दुसरा खोचला की काम पुढे चालू. लंडनमध्ये ईएमआय कंपनीच्या संशोधन विभागाने बनविलेल्या रेड ३७ या मिश्रकात हेच व्ही ७२ जातीचे विवर्धक वापरले होते. त्यातील समकारकही बदलता येणारे असून ‘क्लासिक’ व ‘पॉप’ अशी त्यांची दोन रूपे होती. कोणत्या संगीताला किती संस्कार शोभतो, याविषयीचा संस्थेचा निवाडा असा धातूच्या पेटीत बंद केलेला होता.

अमेरिकेत बिल पटनम यांनी १९६० च्या सुमारास ६१० हा मिश्रक तयार केला. त्यात विवर्धक, समकारक व प्रतिध्वनी-कक्षाकडे संकेत पाठविण्याची सोय एकाच घटकात होती. चॅनेल पट्टीचे हे पहिले स्पष्ट रूप म्हणता येईल. पट्टीला तिचा उभा आकार मात्र सरकत्या फेडरने दिला. गोल बटणे दोन हातांनी एका वेळी दोनच फिरविता येतात. सरकते फेडर बोटागणिक एक हाताळता येतात आणि थोड्या रुंदीत मावतात. न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीचे तंत्रज्ञ टॉम डाउड यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा बदल केला. त्याच सुमारास त्यांच्याकडे आठ मार्गांचा फीतमुद्रकही आला होता. अनेक मार्गांवर वाद्ये वेगवेगळी मुद्रित होऊ लागली, तेव्हा प्रत्येक मार्गाला स्वतःची संपूर्ण पट्टी आवश्यक ठरली. गायक व वाद्यवृंद एकत्र बसवून थोड्या मायक्रोफोनांवर काम उरकण्याच्या, मुंबईच्या चित्रपटगीतांत १९७० नंतरच्या दशकापर्यंत बहुतांशी चालत आलेल्या, पद्धतीत ही गरज तितकी तीव्र नव्हती.

ट्रँझिस्टरचे युग : निर्वात नलिका तापतात, जागा अडवितात व झिजतात. ट्रँझिस्टरमुळे मिश्रकावर पट्ट्यांची गर्दी करणे शक्य झाले. ईएमआयच्या लंडनमधील ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात १९६८ मध्ये बसविलेल्या टीजी १२३४५ या मिश्रकाला मायक्रोफोनसाठी २४ प्रवेश होते आणि संपीडनाची सोय पट्ट्यांवरच होती. बीटल्स या वृंदाची ‘ॲबी रोड’ (१९६९) ही ध्वनिमुद्रिका त्यावर झाली. तिचा नाद आधीच्या ध्वनिमुद्रिकांहून मऊ आहे व त्याचे श्रेय नव्या मिश्रकाला जाते, असे तिचे ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांचे मत होते.

चॅनेल पट्टीच्या इतिहासात सर्वांत मोठे नाव रूपर्ट नीव्ह (१९२६–२०२१) यांचे होय. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व अर्जेंटिनात वाढलेल्या नीव्ह यांनी १९६१ मध्ये आपली कंपनी स्थापिली. प्रारंभीच्या ट्रँझिस्टर विवर्धकांत बहुधा दोन ट्रँझिस्टर संकेताचा अर्धा अर्धा भाग वाहत, आणि सांध्याच्या जागी आवाज कर्कश होई. नीव्ह यांनी ‘अ’ वर्गाचे मंडल वापरले. त्यात संकेत नसतानाही विद्युत् प्रवाह अखंड वाहतो. शक्तीचा अपव्यय होतो व उष्णता वाढते, पण सांधा उरत नाही. १९७० मध्ये लंडनच्या वेसेक्स ध्वनिमुद्रणगृहासाठीच्या मिश्रकात त्यांनी १०७३ हा घटक प्रथम वापरला. प्रवेशाला व निर्गमाला रोहित्र, ८० डेसिबेलपर्यंत विवर्धन आणि तीन पट्ट्यांचा समकारक अशी त्याची रचना आहे. तारस्वरांसाठी १२,००० हर्ट्झ ही एकच कंप्रता ठेवलेली असून मध्यभागासाठी ३६० ते ७,२०० हर्ट्झपर्यंत सहा व खर्जासाठी ३५ ते २२० हर्ट्झपर्यंत चार कंप्रता निवडता येतात. पर्याय मोजके आहेत. मात्र ते अशा ठिकाणी ठेवले आहेत, की बटण कोठेही फिरविले तरी आवाज सहसा बिघडत नाही. हे गणितापेक्षा कानाचे यश आहे.

यानंतरचा टप्पा सॉलिड स्टेट लॉजिक या कंपनीचा. कॉलिन सँडर्स यांनी १९६९ मध्ये स्थापिलेली ही संस्था मुळात चर्चमधील ऑर्गनसाठी विद्युत् नियंत्रणे बनवीत असे. १९७९ पासूनच्या तिच्या ४००० ई मालिकेत प्रत्येक पट्टीवर संपीडक व अल्पध्वनीचा मार्ग बंद करणारे गेट आले, आणि फेडरांच्या हालचाली संगणक लक्षात ठेवू लागला. पट्टी आता परिपूर्ण झाली होती. या परिपूर्णतेने जुन्या नीव्ह मिश्रकांना कालबाह्य ठरविले.

विघटन : येथून या इतिहासाला विचित्र वळण लागले. जुने मिश्रक कोणाला नको होते, परंतु त्यांतील पट्ट्यांचा नाद हवा होता. सुट्या पट्ट्यांची एकत्रित किंमत अखंड मिश्रकाहून अधिक येऊ लागताच व्यापाऱ्यांनी मिश्रक उकलून पट्ट्या लहान पेट्यांत बसवून विकण्यास आरंभ केला. संकेत एकत्र करणारी मंडले, मार्ग निवडण्याची बटणे व लाकडी चौकट यांना गिऱ्हाईक नसल्याने ती बहुधा भंगारात गेली. विद्युत् ध्वनितंत्राच्या इतिहासाची ही मोठी हानी आहे. कारण त्या मिश्रकांचा नाद पट्टीइतकाच या उरलेल्या भागांतूनही घडत असे.

नव्या उत्पादकांनीही तोच धडा घेतला. नीव्ह यांनी १९८५ मध्ये फोकसराइट ही संस्था काढली. एअर ध्वनिमुद्रणगृहातील मिश्रकाला जोडण्यासाठी, जॉर्ज मार्टिन यांच्या मागणीवरून, आयएसए ११० हा घटक त्यांनी बनविला. पुढे फोर्टे नावाच्या प्रचंड मिश्रकाच्या खर्चाने संस्था अडचणीत आली. तिचे अवघे दोन नमुने तयार झाले. १९८९ मध्ये फिल डडरिज यांनी संस्था विकत घेतली व मिश्रकाचा नाद सोडून सुट्या पट्ट्या विकण्यावर भर दिला. १९९० नंतर संगणकावर मुद्रण व मिश्रण होऊ लागल्यावर घरगुती ध्वनिमुद्रणगृहाला चोवीस पट्ट्यांची गरजच उरली नाही. एका गायकापुरती एक उत्तम पट्टी पुरेशी ठरली. पटनम यांच्या मुलांनी १९९९ मध्ये युनिव्हर्सल ऑडिओ ही संस्था पुन्हा उभी करून ६१० वर आधारित घटक बाजारात आणले, ते याच गिऱ्हाइकासाठी.

जुन्या पट्ट्यांचा ‘ऊबदार’ नाद हा वादाचा विषय आहे. रोहित्राचा लोहगाभा मोठ्या खर्जस्वरांत संपृक्त होतो व मूळ संकेतात नसलेले प्रसंवादी स्वर त्यात मिसळतात, हे मोजून दाखविता येते. ज्या विकृती कमी करण्यासाठी अभियंत्यांनी आयुष्य वेचले त्याच आता पैसे मोजून घेतल्या जातात आणि संगणकाच्या आज्ञावलींत त्यांच्या प्रतिकृतीही केल्या जातात. तथापि या आवडीत आवडत्या ध्वनिमुद्रिकांच्या स्मृतीचा वाटाही मोठा असावा. एकटी पट्टी विकत घेणाऱ्याला ती खोली, ते वादक व तो तंत्रज्ञ मिळत नाहीत.

काही मिश्रक अखंड राहिले. लॉस अँजेलिसच्या साउंड सिटी ध्वनिमुद्रणगृहाने १९७३ मध्ये सु. ७५ हजार डॉलरला घेतलेला नीव्ह ८०२८ हा मिश्रक त्यांपैकी एक. फ्लीटवुड मॅक आणि निर्वाणा या वृंदांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांचे काम त्यावर झाले होते. २०११ मध्ये ते ध्वनिमुद्रणगृह व्यवसायासाठी बंद झाले, तेव्हा संगीतकार डेव्ह ग्रोल यांनी तो न उकलता विकत घेऊन स्वतःच्या ध्वनिमुद्रणगृहात बसविला व २०१३ मध्ये त्याच्यावर एक अनुबोधपटही काढला.