जुन्या जीपगाड्यांची योग्यता तपासणी (यवतमाळ जिल्हा)

जुन्या जीपगाड्यांची योग्यता तपासणी म्हणजे बरीच वर्षे वापरलेली जीप किंवा तत्सम गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे की नाही, याची परिवहन विभागाकडून होणारी परीक्षा. बोलीभाषेत तिला ‘पासिंग’ म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-२९ या क्रमांकाने होते.

पार्श्वभूमी

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे कमांडर, ट्रॅक्स यांसारख्या गाड्या ‘काळी-पिवळी’ म्हणून विदर्भातील खेड्यापाड्यांत प्रवासी वाहतूक करू लागल्या. एसटी जेथे दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळीच पोहोचते, तेथे बाजारहाट आणि दवाखाना या गाड्यांवरच अवलंबून राहिला. म्हणून त्यांच्या ‘पासिंग’चा प्रश्न केवळ मालकापुरता नाही.

कायदेशीर तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. प्रवासी वा मालवाहू वाहनास ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. हलक्या मोटार वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आकारला जातो.

तपासणीतील टिकाऊपणा

इंजिन ठणठणीत असले की गाडी पास होते, हा समज चुकीचा आहे. जीपचे इंजिन साधे आणि दुरुस्तीस सोपे असते. खरी अडचण सांगाड्याची. पावसाळ्यात काळ्या जमिनीतला चिखल चासीच्या सांध्यांत अडकून ओल धरतो आणि लोखंड आतून गंजत जाते. वरून रंग मारला तरी तुटका सांगाडा लपत नाही. चासीवर कोरलेला क्रमांकच गंजून अस्पष्ट झाला, तर गाडीची ओळख पटवणे अवघड होते.

दुसरे दुखणे ब्रेकचे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. त्यांत पाणी वा चिखल शिरल्यास पकड कमी होते आणि गाडी एका बाजूला ओढते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ब्रेकचाचणीसाठी २५० मीटर लांबीचा मार्ग आवश्यक ठरला. तेथे हा दोष चटकन उघडा पडतो. चारचाकी जोर असलेल्या गाड्यांत किंगपिन झिजल्याने सुकाणू सैल होते व पुढची चाके थरथरतात. पाटे तुटलेले असणे हाही नित्याचा दोष, विशेषतः क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांत.

पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीप पुष्कळ आढळतात. हा बदल नोंदणी प्रमाणपत्रात नसेल, तर उत्तम स्थितीतील गाडीही नापास होऊ शकते. जुन्या डिझेल गाड्यांसाठी धुराच्या अपारदर्शकतेची मर्यादा ६५ एकक आहे. भारत स्टेज-४ गाड्यांसाठी ती ५० आहे.