योगायोगाचे गणित

दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरी, अशी आपली सामान्य समजूत असते. शास्त्राच्या न्यायसभेत मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: दोघेही एकाच क्षणी फसण्याचा संभव किती?

पनवेल तालुक्यातील कर्नाळा व प्रबळगड यांवर एकेक पहारेकरी बसविला आहे, असे आपण कल्पू. वीज, वणवा यांस भुलून प्रत्येक जण दिवसाकाठी १२ वेळा खोटी इशारत देतो. दोन इशारतींत, आधी कोणतीही असो, एका मिनिटाहून अधिक अंतर नसेल तर त्या जुळल्या असे मानू. दिवसाची मिनिटे १४४०; तेव्हा १२ × १२ × २ ÷ १४४० = ०.२. म्हणजे पाच दिवसांतून एकदा निव्वळ योगायोगाने शत्रू दिसणार! माणिकगडावर तितकाच भोळा तिसरा बसवून तिघांचे एकमत मागितले, तर हीच फसगत सुमारे ४०० दिवसांतून एकदा होईल.

ही युक्ती १९२४-२५ साली बर्लिन येथे वाल्टर बोटे व हान्स गायगर यांनी अणुविज्ञानात रुजविली. तिजबद्दल बोटे यांस १९५४ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१९६९ साली अमेरिकेत जोसेफ वेबर यांनी सुमारे हजार किलोमीटर अंतरावरील दोन दंडगोलांत एकाच वेळी उठलेले कंप गुरुत्वतरंगांचे होत, असे जाहीर केले. योगायोग मोजण्याची त्यांची रीत नामी होती: एका यंत्राची नोंद मुद्दाम मागेपुढे सरकवावयाची, मग जे जुळेल ते आकस्मिकच. परंतु पुढे दुसऱ्या एका गटाच्या नोंदींशीही त्यांस मेळ आढळला, आणि त्या दोन नोंदींच्या वेळांत चार तासांचा फरक होता असे उघडकीस आले! इतरांच्या यंत्रांसही ते कंप गवसले नाहीत. रीत चोख असली तरी इच्छेने निवडलेली जुळणी तिला निकामी करते, हे यावरून दिसते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी हॅन्फर्ड व लिव्हिंग्स्टन येथील यंत्रांत सुमारे ७ सहस्रांश सेकंदाच्या अंतराने एकच तरंग उमटला. सरकविण्याच्या त्याच रीतीने हिशेब केला, तेव्हा असा योगायोग २,०३,००० वर्षांतून एकदा घडण्याहूनही विरळ ठरला. गलबल्यातून तरंगाची खूण वेचण्याच्या गणितात पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर यांचा वाटा मोठा आहे. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथानजीक तशीच वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. मराठवाड्याच्या भूमीवर हा नवा पहारेकरी बसावयाचा आहे.

खरे ठरलेले स्वप्न आपण घरोघर सांगतो. वाया गेलेल्या स्वप्नांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. ती ठेवणे, हाच आमच्या मते शास्त्रीय वृत्तीचा श्रीगणेशा होय.